टॉवर छापाच्या ठासणीच्या बंदुकीला पाणी लावायचं की नाही

गुहागरकडच्या एका तरुण वाचकाने विचारलंय: "वडील वारल्यावर त्यांच्या शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक रीतसर माझ्या नावावर झाली. घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर मुकुट आहे, इंग्रजी अक्षरांत टॉवर आणि १८६० असं कोरलंय. नळी आतून गुळगुळीत आहे, खाचा दिसत नाहीत. चार वर्षं ती कोणी हाताळलेली नाही. काका, ही पलटणीची रायफल असेल का? ती मारण्याजोगी आहे का? आणि मारल्यावर साफ कशी करायची? आमचे चुलते सांगतात, बंदुकीला पाणी दाखवू नकोस, नुसतं रॉकेल फिरव."

चुलत्यांच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो. बाकीच्या चुका कधी कधी निभावून जातात, ही चूक मात्र बंदूक खाते. पाणी लावायचं. गरम लावायचं, भरपूर लावायचं आणि बार काढला त्याच दिवशी लावायचं. रॉकेल, तेल, ग्रीस हे सगळं त्यानंतर. असं का, ते पुढे सविस्तर लिहितो.

मी देवगड तालुक्यातला. नोकरीमुळे अठरा वर्षं इंग्लंडात होतो. तिथे सरे परगण्यातल्या बिस्लेच्या मैदानावर मी स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफली नेमाने मारल्या. दोन्ही एकेरी बाराच्या, दोन्ही काळ्या दारूच्या, म्हणजे सोरा-कोळसा-गंधकाच्या जुन्या बारुदाच्या. आता अकरा वर्षं गावी आहे आणि घरची ठासणीची बंदूक सांभाळतो. ती दारू तिकडे कशी वागते आणि आपल्या खाऱ्या हवेत कशी वागते, दोन्ही मी हाताने पुसून बघितलंय.

सगळ्यात आधी बंदूक भरलेली नाही ना, याची खात्री करा. तुम्ही म्हणाल, चार वर्षांत कोणी हात लावलेला नाही. म्हणूनच सांगतोय. आपल्याकडे माजघरात खुंटीला टांगलेली बंदूक पुष्कळदा भरलेलीच असायची. डुक्कर रात्री येतं, तेव्हा दारू मोजत बसायला सवड नसते. मग म्हातारं माणूस जातं आणि बार आतच राहतो. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत असते.

निपल म्हणजे नळीच्या पेंदाशी, मागच्या बंद टोकाशी, असलेलं बारीक भोकाचं बोंड, ज्यावर घोडा आपटतो; कॅप म्हणजे त्यावर बसवायची, ठिणगी देणारी छोटी टोपी. निपलवर कॅप नाही हे बघा. नळीचं तोंड मोकळ्या जागेकडे धरा, घोडा अर्ध्यावर घ्या. गज नळीत सावकाश सोडा आणि तो टेकला की नळीच्या तोंडापाशी त्याच्यावर खडूने खूण करा. आता गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा, खडूची खूण तोंडाशी जुळवा. गजाचं टोक निपलच्या बुडापर्यंत आलं पाहिजे. तीन-चार बोटं अलीकडेच राहिलं तर आत बार आहे असंच धरून चाला. शेजारच्या वाडीतल्या एका बंदुकीचा गज असा चांगला साडेतीन बोटं अलीकडे थांबला होता, आणि त्या घरातली पोरं सुट्टीत तिचा घोडा उचलून पाडत खेळायची. त्या दिवशी माझ्या हाताला फुटलेला घाम मला आजही आठवतो. अशी बंदूक निघाली तर नळीच्या तोंडातून पाणी भरून ठेवा, म्हणजे दारू भिजेल. बार उपसून काढायचं काम परवानाधारक कारागिराकडे द्या, स्वतः आत काही खुपसत बसू नका.

आता तुमच्या पट्टीवरच्या अक्षरांकडे. १८५३ साली इंग्रजांनी एनफिल्डची ठासणीची रायफल फौजेत आणली. नळी ३९ इंच, तिच्यावर तीन कड्या, छिद्र .५७७ इंच आणि आत गोळीला फिरकी देणाऱ्या तीन खाचा, ७८ इंचांत एक पीळ. गोळी सुमारे ५३० ग्रेनची, म्हणजे ३४ ग्रॅमची, आणि दारू अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात झालेल्या रायफलींवर एनफिल्ड हे नाव असतं. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या ठेकेदारांकडून करून घेतलेल्यांवर टॉवर असतं. कंपनी सरकारच्या मालावर मागच्या पायांवर उभा सिंह असायचा. तुमच्याकडे मुकुट आणि १८६० आहे, हे कंपनीचं राज्य संपल्यानंतरच्या सालाशी जुळतं.

खाचा का नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ही बंदूक खरी असेल तर त्याचं उत्तर १८५७ मध्ये आहे. उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती लांब पल्ल्याची रायफल द्यायची नाही असं ठरलं. मग दिसायला हुबेहूब एनफिल्ड, पण छिद्र .६५६ इंच रुंद आणि आतून गुळगुळीत, अशी खास हिंदुस्थानी फौजेसाठीची बंदूक काढली. मागची शिडीची, अंतराप्रमाणे वर-खाली होणारी निशाणीही काढून साधी स्थिर निशाणी बसवली. म्हणजे गोऱ्या शिपायाच्या रायफलीचा नेम शेकडो यार्डांवर लागायचा, आणि तसल्याच दिसणाऱ्या बंदुकीने आपल्या माणसाला शंभर यार्डांवर धड भरवसा नाही. माणसावरचा अविश्वास असा लोखंडात कोरून ठेवलेला मी दुसरीकडे कुठे बघितलेला नाही. पुढेही हीच रीत चालली. १८८० साली अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत मुंबईच्या ग्रेनेडियर आणि जेकबच्या पलटणीकडे स्नायडर होत्या, तर शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या ६६व्या पलटणीकडे नव्या मार्टिनी. मुंबईच्या फौजेत रत्नागिरीकडची माणसं किती होती हे दापोली-मंडणगडकडच्या लोकांना सांगायला नको. हा इतिहास आपल्या घरातलाच आहे.

तेव्हा व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि नळीच्या तोंडाचं आतलं माप मोजा. १६.७ मिलीमीटरच्या आसपास आलं तर ती ही हिंदुस्थानी नमुन्याची असण्याची बरीच शक्यता आहे. १४.७ च्या आसपास आलं आणि खाचा पुसटशाही नसतील, तर मूळ खाचा झिजून किंवा घासून गेल्या असतील. तिसरी शक्यताही आहे. टॉवरचा छाप गावठी कारागिरांनी फार नकलून ठेवलाय. अक्षरं वेडीवाकडी, एखादं उलटं, मुकुट रताळ्यासारखा असेल तर ती नक्कल. नक्कल म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. आपल्याकडच्या काही लोहारांचं काम फार उत्तम होतं. पण तिच्या नळीचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून तपासणी दुप्पट कडक करावी लागते.

तपासणी कशी करायची? नळी उजेडाकडे धरून बाहेरच्या अंगावरची प्रकाशाची रेघ बघा. रेघ कुठे फुगली किंवा मोडली तर तिथे नळी फुगलेली आहे, मग ती बंदूक भिंतीवर टांगायची, मारायची नाही. नळीवरून चिमूट फिरवत आणा, डोळ्याला न दिसणारा फुगवटा बोटाला लागतो. पेंदाकडे, जिथे दारू जळते तिथे, आतून खोल खड्डे असतील तर कारागिराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. या नळ्या लोखंडाची पट्टी गुंडाळून सांधलेल्या आहेत, आणि सांध्यावर गंज बसला की तो आत शिरतो. हिंदुस्थानी नमुन्याच्या पहिल्या खेपेत तर छिद्र रुंद केल्यामुळे नळीची भिंत पातळ झाली होती, नंतरच्या नमुन्यात ती जाड केली. निपलचं छिद्र झिजून मोठं झालं असेल तर निपल बदला, नाहीतर मागे येणारा जाळ घोडा उडवतो. घोडा अर्ध्यावर ठेवून चाप ओढून बघा, पडता कामा नये. पुरा ओढून अंगठ्याने पुढे दाबा, तेव्हाही पडता कामा नये.

आमच्या इथल्या कारागिराने माझ्या बंदुकीची पहिली चाचणी जुन्या टायरांवर बांधून, चापाला दोरी लावून, स्वतः चिऱ्याच्या गडग्याआड उभं राहून घेतली. दोन बार झाले की नळी पुन्हा मोजली, मग तिसरा. अशी चाचणी घेतल्याशिवाय ती बंदूक खांद्याला लावू नका. वडिलांनी वीस वर्षं मारली, मग तिला काय होणार, असं मनात आणू नका. गेल्या चार वर्षांत आत काय झालंय ते वडिलांनाही माहीत नव्हतं.

आणि हे दगडावर कोरल्यासारखं लक्षात ठेवा: या बंदुकीत काळी दारूच. बारा बोअरचं काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालणारी माणसं मला भेटली आहेत. ती दारू बिनधुराची असते. जुन्या लोखंडाला पेलणार नाही एवढा दाब ती करते, आणि मापाने सारखी दिसली तरी तिची ताकद वेगळीच. एका गावात मी अशी नळी बघितली. पेंदापासून वीतभर केळफुलाच्या पाकळीसारखी उघडली होती. त्या गृहस्थांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ते शहाणे, कष्टाळू शेतकरी होते. त्या रात्री काळी दारू संपली होती, एवढंच कारण.

भरताना दारू कधीही डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतू नका. आधीच्या बारातला एखादा निखारा आत धुमसत असतो. मापात घ्या आणि मापातून ओता. दोन बारांच्या मध्ये ओलसर चिंधी एकदा खाली-वर फिरवून निखारा विझवा. नळीच्या तोंडावर डोकं आणू नका. गोळी किंवा छर्रे दारूवर घट्ट टेकले पाहिजेत, मध्ये पोकळी राहिली तर तिथेच नळी फुगते. म्हणून गजावर दोन खुणा करून ठेवा, एक रिकाम्या नळीची आणि एक नेहमीच्या बाराची. गज दुसऱ्या खुणेवर आला की भरणं पुरं. आपल्याकडे डाट म्हणून काथ्या ठासतात. तो धुमसत बाहेर पडतो. मार्च-एप्रिलात सुकलेल्या गवतात किंवा काजूच्या बागेत पडला तर काय होईल ते बागाईतदाराला सांगायला नको. मी जाड पुठ्ठ्याच्या चकत्या वापरतो.

चकतीखाली वंगण लागतं. माझं वंगण मधमाशीचं मेण आणि कोकमाचं तेल. कोकमतेल आपल्या हवेत घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेला विरघळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही वाहून दारूत उतरत नाही. हे मिश्रण करताना मला नेहमी १८५७ चा जानेवारी आठवतो. चरबीच्या काडतुसांवरून कलकत्त्याजवळच्या डमडमला कुजबुज सुरू झाली, तेव्हा शिपायांनी स्वतःच बाजारातून मेण आणि तेल आणून काडतुसं माखावीत अशी परवानगी सरकारने दिली होती. तोवर विश्वास उडालेला होता. पण वंगण म्हणून ते मिश्रण उत्तमच होतं, हे मी आज हाताने सांगू शकतो.

कॅप फुटली आणि बार झाला नाही, तर बंदूक खाली आणू नका. तोंड समोरच ठेवून निदान पूर्ण एक मिनिट थांबा. श्रावणातल्या दमट हवेत माझ्या हातात कॅप टक् झाली, पुढे काहीच नाही. मी मनात आकडे मोजत उभा राहिलो आणि चारावर बार झाला. आकडे मोजायची सवय मला बिस्लेच्या एका म्हाताऱ्या रेंज अधिकाऱ्याने लावली होती. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे हवेतच, कॅपचे तुकडे उडतात.

नेमाबद्दल थोडंच सांगतो. गुळगुळीत नळीतून गोल गोळी पन्नास पावलांपर्यंत भरवशाची, त्यापुढे देवावर. चाप ओढल्यावर कॅप, मग दारू, मग गोळी असा क्रम असतो, त्याला क्षणभर लागतं. तेवढा वेळ नजर माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या निशाणीवरून, हलवायची नाही. धूर पुढे पसरतो, तेव्हा लागलं का हे बघायला मान उचलण्याचा मोह होतो. तो पहिली दोन वर्षं कोणालाच आवरत नाही.

मार्टिनीचं सगळंच वेगळं. १८७१ साली फौजेत आलेली ही रायफल दोन माणसांची: ठोकळ्याची यंत्रणा मार्टिनीची, सात खाचांची नळी एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची. खालची दांडी पुढे ढकलली की वरचा ठोकळा पुढच्या अंगाला खाली झुकतो, जळालेलं काडतूस मागे उडतं आणि त्याच हालचालीत आतला घोडाही चढतो. बाहेर घोडा दिसतच नाही. उजव्या अंगाला थेंबाच्या आकाराचा एक छोटा काटा असतो, तो फिरलेला दिसला की समजायचं रायफल तयार आहे. तिच्या आधीची स्नायडर म्हणजे ठासणीच्या एनफिल्डचाच पेंदा कापून तिथे उजवीकडे उघडणारं झाकण बसवलेलं. तिच्यात काडतूस मागे ओढल्यावर रायफल उलटी करून ते खाली पाडावं लागतं. पण मार्टिनीची गोळी ४८० ग्रेनची आणि दारू ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम. आठ-दहा बार झाले की खांद्याला कळतं. नळी इतकी तापते की आफ्रिकेतल्या झुलू युद्धात शिपाई लाकडावर कातडं शिवून घेत, हात भाजू नये म्हणून. त्या काळचं पत्र्याच्या गुंडाळीचं काडतूस तापलेल्या, घाण झालेल्या नळीत अडकायचं. ओढणारा आकडा बूड फाडून घ्यायचा आणि बाकीचं आतच राहायचं. तसं काडतूस मी एका संग्राहकाच्या टेबलावर हातात घेतलंय, पत्रा खरोखर वहीच्या पुठ्ठ्याएवढा पातळ.

या घाणीपाशीच तुमच्या चुलत्यांचा मुद्दा येतो. काळ्या दारूत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळली की वजनाने निम्म्याहून जास्त घनच उरतं. थोडं पांढरा धूर होऊन जातं, बाकीचं नळीत बसतं. तो काळा थर म्हणजे नुसती काजळी नव्हे, त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. जुन्या पद्धतीच्या कॅपमधून पोटॅशियम क्लोराइडही येतं, ते तर मिठाचं सख्खं भावंड. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंडाला धरून बसतात. मीठ रॉकेलमध्ये टाकून बघा, विरघळतं का? तेलात? तसंच नळीत होतं. रॉकेल वरची काळसर काजळी उचलतं, चिंधी काळी येते, समाधान होतं, आणि मीठ जागच्या जागी राहतं. वरून यंत्राचं तेल लावलं की क्षार आणि तेल मिळून डांबरासारखा चिकटा होतो आणि त्याच्याखाली गंज सुखाने वाढतो.

बिस्लेला जुलैच्या कोरड्या दिवशी हा थर खडूसारखा कडक व्हायचा. पाच-सहा बारांनंतर मार्टिनीचा नेम पसरू लागायचा. त्यावर उपाय म्हणजे दोन बारांच्या मध्ये एक नळकांडं पेंदाला लावून नळीत सावकाश तोंडाने वाफ सोडायची, तीन-चार श्वास. तेवढ्या ओलीने थर मऊ राहतो आणि पुढची गोळी तो आपोआप पुढे ढकलते. देवगडला मला असं काही करावं लागत नाही, समुद्रच ती वाफ देतो. मारताना आपली हवा दारूला मानवते. मारून झाल्यावर तीच वैरीण होते. इंग्लंडात रात्रभर राहून गेलेली रायफल सकाळी धुतली तर बहुधा वाचायची. इथे पहिल्या वर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी मी एक बार काढला, पाहुणे आले म्हणून धुणं सकाळवर टाकलं, आणि सकाळी चिंधी विटेच्या रंगाची आली. पेंदाजवळ तेव्हा पडलेले ठिपके आजही आत बघितलं की दिसतात.

आता धुणं. पाणी गोडं हवं. आपल्या किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ते पाणी वापरलं तर एक मीठ काढून दुसरं घातलंत. मी डोंगराकडच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतो. बोट जेमतेम सहन करेल इतपत गरम करा. उकळतं पाणी ओतायची पद्धत जुनी आहे, नळी लवकर वाळते हे खरं. पण उकळत्या पाण्याने आत लगेच तांबूस पातळ थर धरतो, आणि तो पुसण्यात वेळ जातो. म्हणून मी तसं करत नाही.

निपलवर घट्ट बसेल अशी हातभर रबरी नळी लावा आणि तिचं दुसरं टोक बादलीतल्या पाण्यात सोडा. लाकूड भिजू नये म्हणून घोड्याच्या बाजूला जुनं फडकं गुंडाळा. गजाच्या टोकाला जुन्या धोतराची चिंधी अशी बांधा की ती नळीत दाबून जाईल, पण अडकणार नाही. ती ओली करून आत सोडा आणि वर ओढा. गज वर येताना बादलीतलं पाणी निपलमधून आत चढतं, खाली जाताना बाहेर जातं, अगदी पिचकारीसारखं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येईल आणि कुजक्या अंड्याचा वास येईल. तो सल्फाइडचा वास. घरातले नाकं मुरडतील, पण तो आला म्हणजे काम होतंय. दुसऱ्या बादलीला रंग कोऱ्या चहाचा होतो. तिसरी किंवा चौथी निवळ जाते आणि वासही जातो. वास जाईपर्यंत थांबायचं नाही. मधल्या एका पाण्यात साबणाचा थोडा फेस चालतो, शेवटचं पाणी मात्र साधं.

मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, शेवटची तव्यावरच्या फडक्यासारखी कोरडी येईपर्यंत. निपल काढता येत असेल तर काढा आणि त्याच्या आट्यांना चिंधीचं टोक फिरवा. गंजून बसलं असेल तर जोर करू नका. घोड्याची पोकळ टाच आणि त्याच्या आजूबाजूची पट्टीही ओल्या चिंधीने पुसा. कॅपचं मीठ तिथेच उडतं आणि लोक ती जागा विसरतात. नळी तोंडाकडून खाली करून अर्धा तास उन्हात ठेवा, म्हणजे पेंदातलं पाणी उतरतं. ती कोमट असतानाच आत तेल फिरवा. तुमच्या चुलत्यांचं रॉकेल इथे चालेल, पाण्याचा शेवटचा अंश ओढायला. त्यावर मात्र तेल हवंच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी चिंधी घाला. तांबूस आली तर धुणं पुन्हा. तिसऱ्या दिवशी परत बघा. सलग तीन दिवस चिंधी स्वच्छ आली, म्हणजे बंदूक धुतली गेली. पुढच्या वेळी मारण्याआधी हेच तेल पूर्ण पुसून काढायचं आणि रिकाम्या नळीवर एक कॅप फोडायची, नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ धरून. पान हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर निपल तेलाने तुंबलंय.

खोबरेल लावू नका. आपल्याकडे सगळ्याला खोबरेल लावायची सवय आहे, पण ते खवट होतं, चिकट होतं आणि लोखंड राखत नाही. मृगाच्या आधी नळीत आणि बाहेरून ग्रीसचा पातळ हात द्या. बंदूक कापडी पिशवीत किंवा गोधडीत गुंडाळून ठेवू नका, कापड ओल धरतं. आमच्याकडे ती चुलीमागच्या भिंतीला असायची, पावसाळ्यात घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. गॅस आल्यावर बंदुका पुढच्या खोलीत आल्या आणि गंजू लागल्या. मी कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवतो आणि आत एक बल्ब जळता ठेवतो. दस्त्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल. दसऱ्याला शस्त्रपूजा जरूर करा. ओलं हळदकुंकू मात्र संध्याकाळी पुसून तिथे तेलाचं बोट लावा, नाहीतर वर्षभराने तिथे नेमका कुंकवाएवढाच गोल खड्डा दिसतो.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तुमचा परवाना त्यातला. परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, शिकारीचा नाही. रानडुक्कर शेतात आलं तरी ते मारायला वनखात्याची परवानगी लागते. आवाजाने कळप पळतो, मी गेली कित्येक वर्षं नुसता आवाजच करतो. दारू परवान्यावर लिहिली असेल तेवढीच ठेवा आणि परवानाधारक दुकानातूनच घ्या, घरी काही बनवायच्या फंदात पडू नका. नळी आखूड करून घेणं गुन्हा आहे, कोणी सुचवलं तरी नको. तुम्ही मोजलेलं माप चुकून खाचांच्या नळीचं निघालं आणि परवान्यावर गुळगुळीत नळी लिहिलेली असेल, तर आधी जिल्ह्याच्या परवाना शाखेत जाऊन नोंद नीट करून घ्या, मग पुढचं.

शेवटी निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की आपल्याकडे बंदुका ठाण्यात जमा होतात आणि महिना-दोन महिने तिथे उभ्या राहतात, एकीला एक टेकून. एकदा माझी अशी परत आली तेव्हा घोडा बोटाने हलेना. आता मी जमा करायच्या आदल्या दिवशी ती धुतो, नळीत ग्रीसचा जाड थर देतो, निपलवर आणि नळीच्या तोंडावर ग्रीस माखलेली चिंधी बसवतो आणि तिच्या कागदी चिठ्ठीवर लिहितो: "आत ग्रीस आहे, मारू नये." परत आली की घरी नेण्याआधीच गज सोडून खूण बघतो.